नगरसेवकाचं संपर्क कार्यालय: तुंबणारं चेंबर, खोदलेला रस्ता, कमी दाबाचं पाणी... पाठपुरावा नेमका कसा करायचा?

प्रभाग_डायरी

नमस्कार. 'ड' वर्ग महापालिकेत पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका नगरसेविकेचं संपर्क कार्यालय मी सांभाळते. प्रभाग चार सदस्यांचा आहे. मधला बराच काळ प्रशासक असल्यामुळे लोकांच्या तक्रारी साठल्यात आणि आता सगळ्या एकदम येतायत. क्षेत्रीय कार्यालयात फोन केला की "बघतो मॅडम, माणूस पाठवतो" एवढंच उत्तर मिळतं. कधी माणूस येतो, कधी नाही. आला तरी तेच दुखणं परत सुरू होतं.

सध्या अडलेल्या गोष्टी:

१. एका गल्लीत ड्रेनेजचं चेंबर दर पंधरा-वीस दिवसांनी भरून वाहतं. जेटिंग मशीन (जोराच्या दाबाने पाणी मारून लाइन साफ करणारं) येऊन जातं, पुन्हा तेच.
२. पाण्याची लाइन टाकायला ६ मीटरचा रस्ता खोदला. माती ढकलून चर बुजवला, वर डांबर नाही. आता तो खचायला लागलाय.
३. प्रभागाच्या शेवटच्या टोकाला पाणी अगदी बारीक येतं.
४. शाळेसमोर गतिरोधक हवा, असा पालकांचा आग्रह.
५. एका सोसायटीला आतल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक हवेत, "नगरसेवक निधीतून".

कोणाला लिहायचं, पत्रात काय लिहायचं, पैसे कुठून येतात आणि काम अडलं तर ते कुठे अडलंय हे कसं ओळखायचं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

मोजमापवही

ताई, आधी प्रत्येक तक्रार दोनपैकी कुठल्या खात्यात बसते ते ठरवा. एक म्हणजे देखभाल-दुरुस्ती: दिवा बंद, चेंबर तुंबलं, झाकण तुटलं, कचरा उचलला नाही, खड्डा पडला. याला नवीन मंजुरी लागत नाही, वार्षिक ठेके चालू असतात. दुसरं भांडवली काम: नवी लाइन, पूर्ण रस्ता, मोठ्या व्यासाचा पाइप. याला एस्टिमेट, तरतूद, निविदा आणि कार्यादेश लागतो. दुसऱ्या प्रकारचं काम तुम्ही पहिल्या प्रकारच्या माणसाला फोन करून मागत राहिलात, तर तो "बघतो" याशिवाय दुसरं काय म्हणणार? त्याच्या हातात तेवढंच आहे.

कायद्याची चौकटही डोक्यात हवी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक मुकादमाला किंवा ठेकेदाराला आदेश देऊ शकत नाही. तो लेखी मागणी करू शकतो, सभेत प्रश्न विचारू शकतो, प्रभाग समितीत विषय आणू शकतो आणि अर्थसंकल्पात तरतूद सुचवू शकतो. म्हणून फोन हा पत्राला पूरक ठेवा. पत्राऐवजी फोन नको.

पत्र एका पानाचं आणि एकाच विषयाचं असावं. पाच तक्रारी एका पत्रात घातल्या की ते पत्र पाच टेबलांवर फिरतं आणि एकाही टेबलाचं होत नाही. ड्रेनेज वेगळं, पाणीपुरवठा वेगळं, पथ विभाग वेगळा. प्रत्येक पत्रात एवढं असू द्या:

– जागा: दिव्याच्या खांबाचा नंबर, चेंबर ज्या घरासमोर आहे त्याचा घर क्रमांक, 'कुठून कुठपर्यंत' आणि अंदाजे लांबी मीटरमध्ये
– दोष काय, कधीपासून, किती वेळा
– आधीच्या तक्रारींचे क्रमांक
– नेमकी मागणी (स्थळ पाहणी, एस्टिमेट की दुरुस्ती)
– लेखी उत्तराची विनंती, तारखेसह

मूळ पत्र सहायक आयुक्तांना, प्रत संबंधित उपअभियंत्याला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पत्र दिलं असं धरू नका. 'समस्या तातडीने सोडवावी' असलं वाक्य निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच येतं. "या लाइनची तळपातळी मोजून कारणासह अहवाल द्यावा" असं लिहिलं की कोणाला तरी जागेवर जावंच लागतं.

वर चढण्याची पायरी साधारण अशी: कनिष्ठ अभियंता (जेई), उपअभियंता, कार्यकारी अभियंता, मग खातेप्रमुख किंवा शहर अभियंता, उपायुक्त, अतिरिक्त आयुक्त. खालची पायरी सोडून थेट आयुक्तांना लिहिलं तर पत्र शेरा होऊन पुन्हा त्याच जेईकडे येतं, मधले आठ-दहा दिवस फुकट जातात. खालच्या पत्राची मुदत उलटल्यावर त्याची प्रत जोडून वर लिहा.

---

चेंबर_ते_चेंबर

पहिल्या मुद्द्यावर लिहितो, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि लोकांचा सगळ्यात जास्त संताप यातच जातो.

वाहणारं चेंबर म्हणजे दुखण्याची जागा नव्हे. दुखणं जवळजवळ नेहमी त्याच्या पुढे, उताराच्या दिशेला असतं. जेईबरोबर जाऊन उताराकडची चेंबरं एकेक उघडायला लावा. पुढचं चेंबर कोरडं किंवा अगदी कमी भरलेलं असेल तर चोकअप या दोघांच्या मध्ये आहे. तेही तुडुंब असेल तर आणखी पुढे चला. थेट मुख्य लाइनपर्यंत सगळी भरलेली असतील तर गल्लीतल्या जेटिंगने काहीच होणार नाही. मुख्य लाइन तुंबली आहे, ती अपुरी आहे किंवा पुढचं पंपिंग बंद आहे.

जेटिंग करूनही पंधरा दिवसांत पुन्हा का तुंबतं, याची कारणं साधारण ठरलेली आहेत:

जेटिंगने गाळातून फक्त भोक पाडलं, गाळ काढलाच नाही. नळी खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेला सोडायची, म्हणजे परत खेचताना गाळ खालच्या चेंबरमध्ये येतो आणि तिथून सक्शनने उचलता येतो. घाईत वरून खाली पाणी मारतात, गाळ पुढे सरकतो आणि पुढच्या वळणावर बसतो. जेटिंगच्या वेळी सक्शनचं वाहन सोबत आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मं कळतं.

उतार नाही किंवा मध्ये पोट पडलंय, म्हणजे लाइन मधेच खाली बसलीय. १५० मिमी व्यासाच्या लाइनला साधारण १७० मीटरला १ मीटर उतार हवा, म्हणजे ३० मीटरच्या दोन चेंबरमध्ये १७-१८ सेंटिमीटरचा फरक. २०० मिमीला २५०ला १, म्हणजे तेवढ्याच अंतरात १२ सेंटिमीटर. दोन्ही चेंबरची तळपातळी लेव्हल मशीनने मोजणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही. उतार उलटा निघाला तर जन्मभर जेटिंग केलं तरी उपयोग नाही, लाइन काढूनच टाकावी लागते.

घरांचे जोड लाइनच्या आत घुसलेले असतात. पाइप फोडून जोड दिला आणि तो आत आठ-दहा सेंटिमीटर शिरला की तिथे कापड, प्लास्टिक अडकायला सुरुवात होते. झाडाची मुळं, चालू बांधकामाची सिमेंटची मळी, खानावळींचं तेल हीसुद्धा नेहमीची कारणं. मुळं आणि जोड सीसीटीव्ही तपासणीत, म्हणजे पाइपमध्ये कॅमेरा सोडून पाहिलं की, स्पष्ट दिसतात.

फक्त पावसातच वाहत असेल तर गच्चीचं आणि रस्त्याचं पाणी मैल्याच्या लाइनीत सोडलंय. तिथे व्यास वाढवण्याआधी ते जोड तोडून पावसाळी गटारात घालायला हवेत, नाहीतर वाढवलेला व्यासही पुरत नाही.

तुमच्या पत्राचा मसुदा असा ठेवा: "घर क्र. अमुक ते तमुक, अंदाजे ६० मीटर, १५० मिमी लाइन वारंवार तुंबते. दोन्ही टोकांच्या चेंबरची तळपातळी मोजून व सीसीटीव्ही तपासणी करून कारण कळवावे. उतार किंवा व्यास अपुरा आढळल्यास नवीन लाइनचे एस्टिमेट करावे." अहवाल हातात आला की हीच तक्रार देखभालीतून भांडवली कामात जाते आणि मागे पुरावा तयार असतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. लोकांच्या दबावाखाली चेंबरमध्ये माणूस उतरवायला सांगू नका, ठेकेदार "एकच मिनिट" म्हणाला तरी नाही. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक साफसफाईसाठी माणूस लावायला बंदी आहे. आतला वायू दिसत नाही, काही वेळा त्याचा वासही येत नाही, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. मशीन यायला दोन दिवस लागणार असतील तर दोन दिवस टँकरने उपसा करून घ्या.

---

खडी_डांबर

चर खचतो त्याचं कारण सरळ आहे: माती एकदम ढकलली आणि वर पाणी मारलं. पाइपभोवती बारीक मुरूम किंवा वाळू, त्यावर १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर, मग खडीचा थर आणि शेवटी डांबर. एक मीटर खोल चर एका दमात भरला तर तो पहिल्या पावसात बसणारच.

डांबर टाकण्याची घाई मात्र करू नका. आधी जेईकडून हे लेखी घ्या: लाइनची दाब चाचणी झाली का, आणि गल्लीतली सगळी नळजोडणी नव्या लाइनवर आली का? हे न पाहता डांबर केलं की महिनाभरात एकेका घरासाठी रस्ता पुन्हा फुटतो.

पैसे कोणी द्यायचे याची दोन उत्तरं आहेत. लाइन महापालिकेनेच टाकली असेल तर रस्ता पूर्ववत करणं बहुधा त्याच निविदेत असतं. एस्टिमेटमध्ये 'पुनर्स्थापना' ही बाब आहे का ते पाहा. असेल आणि काम न करता बिल निघालं असेल तर तो गंभीर विषय आहे. खासगी केबल किंवा गॅस कंपनीने खोदलं असेल तर तिने खोदाई परवानगी घेताना पुनर्स्थापनेचे पैसे पथ विभागाकडे भरलेले असतात. ते भरले आहेत, मग रस्ता का नाही, असा प्रश्न विचारायचा.

डांबरीकरणाच्या दिवशी नगरसेविकेने किंवा तुम्ही उभं राहून पाहण्यासारख्या गोष्टी:

– जुना पृष्ठभाग झाडून कोरडा केलाय का. धुळीवर टाकलेलं डांबर पापडासारखं निघतं.
– टॅक कोट (जुन्या थराला नवा चिकटावा म्हणून मारायचा पातळ डांबराचा हात) मारलाय का. इमल्शन तपकिरी दिसतं तोवर थांबायचं, ते काळं पडल्यावरच माल टाकायचा.
– माल गरम आहे का. नेहमीच्या व्हीजी-३० डांबराचा माल पसरताना १४० अंश सेल्सिअसच्या खाली नको, आणि तो ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी रोलिंग संपलं पाहिजे. लांबच्या प्लांटवरून ताडपत्री न घालता आलेला ट्रक निवलेला असतो. थर्मामीटर साइटवर असायलाच हवा, मागा.
– मधोमध उंचवटा. ७ मीटर रस्त्याला २.५% धरला तर मध्य कडेपेक्षा ८-९ सेंटिमीटर उंच. तो नसेल तर पाणी साचतं आणि खड्डा तिथूनच सुरू होतो.
– चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचललीत का. झाकण डांबराखाली गाडलं गेलं की पुढच्या चोकअपला ते सापडत नाही आणि नवा रस्ता कुदळीने फोडतात.
– थरावर थर चढून रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर जात असेल तर आधी जुना थर खरवडून काढायला सांगा. हे एस्टिमेटमध्येच असावं लागतं, त्या दिवशी सांगून होत नाही.

आणि दोष दायित्व कालावधी. निविदेच्या अटींत तो लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा, त्यासाठीच त्याची अनामत रोखलेली असते. प्रत्येक पूर्ण कामाची ही शेवटची तारीख तुमच्या वहीत लिहा आणि दोन महिने आधी पाहणी करून दोषांचं पत्र द्या. मुदत संपल्यावर तोच खड्डा महापालिकेच्या, म्हणजे लोकांच्या पैशातून बुजतो.

कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात नागरिक म्हणून अर्ज करा: १० रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, त्यावर २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. मागायचं काय? कार्यादेश, एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची पानं, खोदाई परवानगी. या कायद्याच्या कलम २(जे)मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार कमी लोक वापरतात.

---

प्रभाग_डायरी

सगळ्यांचे आभार. तळपातळी आणि दाब चाचणीची पत्रं उद्याच काढते. पैशाचा भाग अजून उलगडत नाही. सोसायटीवाले "तुमचा निधी असतोच" म्हणतात. आणि चारही नगरसेवक एकाच रस्त्यासाठी वेगवेगळी पत्रं देतात, त्याचं काय करायचं?

---

लेखाशीर्ष

नगरसेवकाच्या नावाचं कुठलंही खातं नसतं. बोलीभाषेत ज्याला नगरसेवक निधी म्हणतात ती अर्थसंकल्पातली तरतूद असते. तिचा वापर नगरसेवकाने सुचवलेल्या कामांवर होतो, पण खर्च, निविदा आणि बिल प्रशासनच करतं. पुण्यात त्याला 'स' यादी म्हणतात, इतरत्र प्रभाग निधी किंवा आणखी काही. तुमच्या महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ती कुठल्या लेखाशीर्षाखाली आहे ते लेखा विभागातून समजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.

आकडा वाचताना कर विसरू नका. १० लाखांची तरतूद असेल तर १८% जीएसटी धरून प्रत्यक्ष कामाला साडेआठ लाखांच्या आतच उरतात. एस्टिमेट राज्याच्या दरसूचीवर बनतं, त्यामुळे ओळखीच्या ठेकेदाराने तोंडी सांगितलेला दर धरून लोकांना शब्द देऊ नये.

वर्षाचं गणित असं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आयुक्त अर्थसंकल्पाचा मसुदा स्थायी समितीपुढे मांडतात (मुंबई सोडून बाकी महापालिकांत ही समिती १६ सदस्यांची), समिती बदल करून तो मुख्य सभेकडे पाठवते. मुख्य सभेत भाषण करून नवं काम घुसवणं अवघड असतं. खातेप्रमुखांच्या मागण्या त्याआधी काही महिने, पावसाळा संपता संपता जमा होतात. तुमची यादी त्याच वेळी जागा, लांबी, अंदाजे रकमेसह खात्याकडे गेली पाहिजे.

तरतूद झाल्यानंतरचा रस्ता: स्थळ पाहणी, एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, निविदा उघडून दर तपासणी, स्थायी समितीची किंवा रकमेनुसार सक्षम अधिकाऱ्याची मान्यता, अनामत आणि करारनामा, कार्यादेश. काही अडलं नाही तरी तीन-चार महिने धरा. काम अडलंय असं कळलं की "कधी होणार" असं विचारू नका, "फाइल आज कुठल्या टेबलावर आणि कुठल्या टप्प्यावर आहे" असं विचारा. बहुतेक वेळा ती दोनच ठिकाणी झोपते: एस्टिमेट झालेलंच नसतं, किंवा निविदेला प्रतिसाद न आल्याने फेरनिविदा काढायची राहिलेली असते.

आर्थिक वर्ष संपेपर्यंत कार्यादेश निघाला नाही तर तरतूद व्यपगत होते, म्हणजे रद्द होते. दसरा-दिवाळीपर्यंत निविदा लागलेली नसेल तर धोक्याची घंटा समजा. निवडणूक लागली की आचारसंहितेत नवे कार्यादेश थांबतात, जागेवर सुरू असलेलं काम चालू राहतं. तेवढ्यासाठीसुद्धा महिना-दोन महिने हाताशी ठेवा.

वर्गीकरण, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवणं, हा मार्ग आहे, पण तो सवयीचा करू नका. ड्रेनेजच्या लाइनचे पैसे कमानीकडे आणि बाकांकडे वळवले की तीन वर्षांनी ती गल्ली तशीच तुंबलेली असते आणि कागदावर मात्र 'तरतूद केली होती' असं दिसतं. कलम ६३ मधली कर्तव्यं, म्हणजे गटार, पाणी, सफाई, दिवे, रस्ते, ही महापालिकेला टाळता येत नाहीत. आधी ती.

प्रभाग समितीकडे दुर्लक्ष होतं, ते बरोबर नाही. कलम २९अ प्रमाणे तिचं कामच स्थानिक नागरी सेवांच्या तक्रारींचं निवारण आहे, आणि अर्थसंकल्पात तरतूद असलेल्या प्रभागातल्या लहान कामांना मंजुरी द्यायचे मर्यादित अधिकारही तिला आहेत. समितीत विषय आला की अधिकाऱ्याचं उत्तर इतिवृत्तात येतं. पुढच्या बैठकीत 'मागील इतिवृत्तावरील कार्यवाही' हा विषय पहिला घ्यायला लावा. तोंडी आश्वासनाची तिथे नोंद होते.

सोसायटीचं उत्तर: आवार खासगी असेल तर महापालिकेचा पैसा आत खर्च करता येत नाही, केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो. पण आधी तपासा. नगररचना विभागातून मंजूर लेआउट काढा. तो रस्ता सार्वजनिक दाखवलाय का, त्याचा ताबा महापालिकेला दिलाय का, ते पाहा. अनेक ठिकाणी रस्ता वापराने सार्वजनिक झालेला असतो आणि बिल्डरने हस्तांतर केलेलंच नसतं. तिथे ब्लॉक मागण्याआधी ताबा पावतीचं काम करावं लागतं. एकदा ते झालं की रस्ता, दिवे, पावसाळी गटार सगळंच मागता येतं.

चार पत्रांबद्दल: भांडवली कामासाठी चौघांचं एकच संयुक्त पत्र द्या. चार वेगळी पत्रं म्हणजे एकाच रस्त्याला दोन तरतुदी, आणि मग त्यातल्या एकीचे पैसे वर्षअखेरीला परत.

---

मोजमापवही

@लेखाशीर्ष, भांडवली कामाला संयुक्त पत्र ठीक. पण देखभालीच्या तक्रारीत चौघांच्या सह्यांची वाट पाहू नये. वाहणाऱ्या चेंबरचं पत्र जो नगरसेवक जागेवर आहे त्याने त्याच दिवशी द्यावं. चौघे एकाच पक्षाचे असतातच असं नाही, आणि एकाची सही राहिली म्हणून गल्लीत मैला वाहत ठेवणं योग्य नाही.

---

टेलएंड

पाण्याचं. 'बारीक येतं' यावर खातं काही करू शकत नाही, आकडा द्या. नळाला लावायचा प्रेशर गेज मिळतो. गल्लीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, पुरवठ्याच्या सुरुवातीला, मधे आणि संपताना वाचन घ्या. एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर पाण्याची उंची. तळमजल्याच्या घराला किमान ७ मीटर, दुमजल्याला १२ मीटर मिळावेत, हा मानक निकष.

एकाच घराला कमी आणि शेजाऱ्याला ठीक असेल तर दोष त्या घराच्या जोडणीत: गंजून आकसलेला जीआय (लोखंडी) पाइप किंवा फेरूल (मुख्य लाइनवरून घराचा जोड घेतात तो तुकडा). ते घरमालकाचं काम आहे. सगळ्या गल्लीला कमी असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट बंद, एअर व्हॉल्व्ह निकामी, गळती किंवा वरच्या घरांनी थेट लाइनला लावलेल्या मोटारी. मोटारींचा संशय असेल तर पुरवठ्याच्या वेळी गेज पाहा. काटा एकदम शून्यावर पडतो आणि झटक्याने वर येतो. खात्याकडून व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याचं वेळापत्रक लेखी घ्या आणि ते गल्लीत लावा. वेळ पाळली जाते की नाही हे मग लोकच सांगतात. एवढं सगळं ठीक असूनही टोकाला दाब नसेल तरच मोठ्या व्यासाची लाइन किंवा दुसऱ्या बाजूने जोड मागा.

पाण्याला वास किंवा रंग आला तर तो वेगळा आणि तातडीचा विषय. टोकाच्या नळावर ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून पाहायची चाचणी) घ्यायला लावा. पिवळी छटा आली नाही म्हणजे क्लोरीन उरलेला नाही (लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम उरायला हवा). लोकांना त्याच तासाला पाणी उकळून प्यायला सांगा, प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत नमुना पाठवा, आणि पाण्याची लाइन कुठल्या चेंबरमधून किंवा ड्रेनेजच्या खालून जाते ते शोधा. पुरवठा बंद असताना लाइनीत पोकळी होऊन बाहेरचं सांडपाणी फटीतून आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटंच घाण येत असेल तर गळती जवळच आहे. तुमच्या १ आणि २ नंबरच्या तक्रारींची गल्ली एकच असेल तर हे आजच तपासा.

---

खडी_डांबर

गतिरोधकाचं राहिलं. इंडियन रोड्स काँग्रेसचा प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटर वेगासाठी. त्याच्या ४० मीटर आधी सूचना फलक आणि गतिरोधकावर काळे-पांढरे पट्टे. वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेऊनच पथ विभाग मंजुरी देतो. पत्रात शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा आणि मुलं नेमकी कुठे रस्ता ओलांडतात ते लिहा. कित्येकदा फाटकाची जागा बदलणं किंवा उंचावलेलं क्रॉसिंग अधिक उपयोगी ठरतं.

एक प्रकार कटाक्षाने टाळा: डांबरीकरण चालू असताना उरलेल्या मालाचा उंचवटा टाकायला ठेकेदाराला तोंडी सांगणं. तो अरुंद आणि उंच होतो, दुचाकीवरचा मागचा माणूस फेकला जातो, पाणी अडून शेजारी खड्डा पडतो. अपघात झाल्यावर मंजुरीचा कागद कुठेच नसतो.

---

लेखाशीर्ष

दोन सावधगिऱ्या नव्या नगरसेविकेला जरूर सांगा. बेकायदा बांधकामावरची कारवाई थांबवायला अधिकाऱ्यांना अडवणं हे कलम १० प्रमाणे अनर्हतेचं कारण होऊ शकतं. लोक घर वाचवायला येतात, त्यांना दाद मागायचा कायदेशीर मार्ग सांगा, पण पथकासमोर उभं राहू नका. आणि महापालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असला तरी पद जातं. कार्यालयात मदत करणारे कार्यकर्ते स्वतः ठेके घेत असतील तर त्यांना प्रभागातल्या कामांच्या पत्रव्यवहारापासून दूर ठेवा.

झाड तोडण्याची परवानगीही नगरसेवकाच्या हातात नाही. तो अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे, १९७५ च्या कायद्याखाली.

---

प्रभाग_डायरी

वहीसाठी रकाने ठरवले: तक्रार, जागा, देखभाल की भांडवली, पत्राचा आवक क्रमांक, पुढची तारीख, टप्पा, दोष दायित्वाची शेवटची तारीख. एक शेवटचं. मुख्य रस्त्यावर चेंबरची झाकणं बसवली की दोन-तीन महिन्यांत तुटतात. यात काय मागायचं?

---

चेंबर_ते_चेंबर

रकान्यांत 'तक्रारदाराला कळवलं' हा एक वाढवा.

झाकणावर भारक्षमता कोरलेली असते. एलडी म्हणजे अडीच टन, एमडी १० टन, एचडी २० टन, ईएचडी ३५ टन. फुटपाथवर एलडी चालतं. बस, टँकर, कचऱ्याच्या गाड्या जातात त्या रस्त्याला एचडी किंवा ईएचडी लागतं. तुटलेला तुकडा उलटून पाहा. एमडी लिहिलेलं निघालं तर पत्रात तेच लिहा, फोटो जोडा. एचडी असूनही तुटत असेल तर दोष चौकटीत आहे: खालचं बांधकाम ढासळलंय किंवा चौकट काँक्रीटमध्ये नीट बसलेली नाही, त्यामुळे झाकण डुगडुगतं आणि प्रत्येक चाकाबरोबर आपटतं. तिथे मागणी 'चौकटीसह बदलून, भोवती काँक्रीट करून' अशी करा, आणि काँक्रीट पक्कं होईपर्यंत किमान सात दिवस त्यावरून गाडी जाऊ नये म्हणून बॅरिकेड मागा. संध्याकाळी बसवलं आणि सकाळी रहदारी सोडली तर ते पहिल्याच आठवड्यात हलतं.